वीसपैकी चार पडले, आता परत जाऊ का?

"मॅडम, मी मालवण तालुक्यात किनाऱ्यावरच्या एका गावात राहते. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग तालुक्याला सायन्स. सीईटीला बरे पर्सेंटाइल पडले आणि रत्नागिरीत इंजिनिअरिंगला सिव्हिल मिळालं. शिकायला इतक्या लांब आलेली घरातली मी पहिलीच. पप्पांची छोटी होडी आहे, आई काजूच्या कारखान्यात जाते. पहिल्या युनिट टेस्टला मॅथ्समध्ये २० पैकी ४ आणि मेकॅनिक्समध्ये ६ पडले. बारावीपर्यंत मी गणितात वर्गात पहिली असायचे. इथं सर इंग्रजीतून भराभर शिकवतात. मी लिहीत असते तोवर फळा पुसला जातो. ड्रॉइंगच्या शीटची जीटी मारते, म्हणजे दुसरीची शीट खाली ठेवून उतरवते. रूममेट मुंबईची, जेईईचे क्लास केलेली, तिला सगळं आधीच येतं. दर शनिवारी मी घरी पळते आणि रविवारी निघताना रडू येतं. शेजारचे म्हणतात, सिव्हिलला काय ठेवलंय. पप्पांना मार्क सांगितलेले नाहीत. हे सोडून गावाजवळ बीएस्सीला जाऊ का?
– एक विद्यार्थिनी, मालवण"

प्रिय मुली,

प्रश्न तू पत्राच्या शेवटी विचारलास, पण उत्तर मी सुरुवातीलाच देऊन टाकते. आत्ता सोडू नकोस. पहिल्या सेमिस्टरचा विद्यापीठाचा निकाल हातात पडेपर्यंत तरी नाहीच. आणि एवढं सांगून "सगळा बरा होतला गो" म्हणत पाठीवरून हातही फिरवणार नाही. वीसपैकी चार पडलेल्या मुलीला धीर देणारी माणसं पुष्कळ भेटतात, उरलेले सोळा कुठे गेले ते सांगणारं सहसा कुणी भेटत नाही. आज आपण मुख्यतः तेवढंच बघू.

टेस्टचा पेपर परत मिळालाय ना? तो काढ आणि समोर ठेव. मार्कांकडे बघू नकोस, ओळींकडे बघ. तू कुठपर्यंत लिहिलंस आणि कुठे थांबलीस?

पहिल्या वर्षाला गणित शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजातून आलेल्या हुशार मुलांचे पहिल्या टेस्टचे पेपर बहुतेक एकाच साच्याचे असायचे. पहिली ओळ बरोबर, सूत्र बरोबर, मग एकदम चार पायऱ्यांची उडी आणि खाली कुठलं तरी उत्तर. नाहीतर सूत्राखाली कोरा कागद. या मुलांना गणित येत नाही असं मला कधी वाटलं नाही. त्यांची लिहिण्याची सवय गेलेली असायची, आणि ती घालवलेली असायची सीईटीनं. गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, प्रत्येकी २ गुण, चुकलं तर गुण कापत नाहीत. म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. मग काय करतात मुलं? चार पर्यायांतले दोन नुसत्या नजरेनं कटाप करतात, उरलेल्यांतला एक प्रश्नात घालून बघतात, जमला की क्लिक. तूही दोन वर्षं तेच केलं असणार, आणि ते बरोबरच केलंस, ती परीक्षा तशीच द्यायची असते. बोर्डाचा पेपर लेखी असतो खरा, पण त्यात पुस्तकातल्या स्वाध्यायांच्या तोंडवळ्याची गणितं असतात आणि तेव्हा सगळा जीव सीईटीत अडकलेला असतो.

आता इथं एकेक गणित पाच नाहीतर आठ गुणांचं, दहा-पंधरा मिनिटं घेणारं. पर्याय नाहीत. तपासणारा पायरीगणिक गुण देतो. उत्तर चुकलं तरी आठातले सहा मिळू शकतात आणि नुसतं उत्तर बरोबर असून भागत नाही. बारावीला पहिली येणारी मुलगी इथं चारवर कशी आली, त्याचं अर्धंअधिक कारण हे आहे.

म्हणून तुझा अभ्यास वाढवायचा नाही, बदलायचा आहे. सध्या तू बहुधा वही वाचतेस. सरांनी सोडवलेलं गणित वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं, कारण पुढची ओळ डोळ्यांसमोर तयार असते. त्यापेक्षा असं कर. वर्गात सोडवलेल्या गणितांपैकी दोन त्याच दिवशी संध्याकाळी वही मिटून, कोऱ्या कागदावर, प्रश्नापासून उत्तरापर्यंत सोडव. अडलीस की लगेच वही उघडू नकोस, पाच मिनिटं तशीच बस. तरी नाही जमलं तर जिथं अडलीस तिथं लाल पेनानं आडवी रेघ मार, मग वही बघून पुढचं लिही. आठवडाभरानं ते कागद पसरून लाल रेघा कुठे कुठे आहेत ते बघ. तुझ्या लक्षात येईल की त्या नव्या धड्यात फारशा नाहीत. त्या जुन्या गोष्टींवर आहेत. त्रिकोणमितीचं सूत्र आठवलं नाही, लॉगचा नियम चुकला, गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह घेताना एक पद राहिलं.

यात अकरावीचा मोठा वाटा असतो. सीईटीत अकरावीला २० टक्के आणि बारावीला ८० टक्के, म्हणून अकरावी सगळीकडे उरकली जाते. कॉम्प्लेक्स नंबर अकरावीलाच होते ना? आता डी मॉयव्हरचं प्रमेय त्याच्यावर उभं राहतं आणि वर्गात सर "हे तुम्हाला येतंच" म्हणून पुढे जातात. येत नाही त्यांनी काय करायचं, हे कुणी सांगत नाही. दिवाळीत घरी गेलीस की अकरावीची दोन्ही पुस्तकं पिशवीत घालून आण आणि टेबलावर ठेव. लाज वाटायचं कारण नाही. रूममेट हसली तर हसू दे, दुसऱ्या महिन्यात तीच मागायला येईल.

मेकॅनिक्सचं दुखणं थोडं वेगळं आहे. तिथं मुलं सूत्र शोधत बसतात. बारावीच्या फिजिक्समध्ये ते चालून जातं. इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये सूत्रं मूठभर आहेत, सगळी गंमत एफबीडीत, म्हणजे फ्री बॉडी डायग्रॅममध्ये, आहे. एक वस्तू आजूबाजूच्या सगळ्यापासून तोडून वेगळी काढायची आणि बाकीचं जग तिच्यावर कुठे कुठे, कुठल्या दिशेनं जोर लावतंय तेवढेच बाण दाखवायचे. ती वस्तू दुसऱ्यावर लावते ते जोर नाही. निम्म्या चुका इथंच होतात, क्रिया आणि प्रतिक्रिया दोन्ही एकाच चित्रात घुसतात.

तुझ्या घरचंच घे. होडी पुळणीवर ओढून वर घेतात तेव्हा तिच्यावर काय काय असतं? वजन, सरळ खाली. वाळूची नॉर्मल रिअॅक्शन, उताराला काटकोनात. दोराची ओढ. आणि घर्षण, होडी जिकडे सरकतेय त्याच्या उलट. झाले चार बाण. आता दोर उताराला समांतर न धरता किंचित वर उचलून ओढला तर? ओढीचा थोडा हिस्सा होडीला उचलून धरतो, त्यामुळे नॉर्मल रिअॅक्शन घटते आणि तिच्यामागून घर्षणही घटतं. पण दोर फारच वर उचलला तर पुढे ओढायला जोर उरत नाही. मध्ये कुठेतरी एक कोन निघतो जिथं सगळ्यात कमी बळ लागतं, आणि तो कोन नेमका घर्षण कोन, म्हणजे अँगल ऑफ फ्रिक्शन, असतो. या रविवारी हे सिद्ध करून बघ. दहा-बारा ओळींचं काम आहे आणि फ्रिक्शनच्या धड्यात हे गणित हमखास असतं. (पप्पांना मात्र शिकवायला जाऊ नकोस. दोर कुठे धरायचा ते त्यांना ठाऊक आहे.)

आणखी एक बारकी गोष्ट, जी वर्गात घाईत राहून जाते. आधाराच्या रिअॅक्शनची दिशा चुकीची धरलीस तरी बिघडत नाही, उत्तर उणे आलं की दिशा उलटी समजायची. घर्षणाचं तसं नाही. वस्तू कुठल्या बाजूला सरकू बघतेय त्याचा आधी विचार करूनच तो बाण काढावा लागतो, नाहीतर अख्खं गणित चुकतं आणि चुकल्याचा पत्ताही लागत नाही.

तू घरी रेल्वेनं जात असणार. रत्नागिरी सोडल्यावर, निवसर यायच्या आधी, गाडी पानवलच्या पुलावरून जाते. ४२४ मीटर लांबीचा आणि दरीपासून ६४ मीटर उंचीचा तो पूल आहे. पुढच्या वेळी तिथं मोबाइलमधून डोकं वर काढ. एवढ्या खोल दरीत मचाण बांधून वरचा भाग जागेवर ओतणं कठीण होतं, म्हणून तो एका टोकाला तुकड्या-तुकड्यानं ओतला आणि खांबांवरून पुढे ढकलत नेला. ढकलताना पुढचं टोक पुढच्या खांबापर्यंत पोचेतो अधांतरी असतं. त्या क्षणी त्या तुळईत किती ताण येतो, हा प्रश्न तुझ्या मेकॅनिक्सच्या पुस्तकातल्या कँटिलिव्हरचाच, म्हणजे एकाच टोकाला धरलेल्या तुळईचाच, मोठा भाऊ आहे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली. आमच्या पिढीला मालवणहून रत्नागिरी म्हणजे एसटीतला अख्खा दिवस असायचा. तुम्ही त्या पुलावरून दर आठवड्याला झोपून जाता.

आता ड्रॉइंग. जीटी बंद कर. रागावत नाही. काचेखाली दिवा ठेवून शीट उतरवायची विद्या पिढ्यान् पिढ्या चालत आलीय आणि बहुतेक शिक्षक तशी शीट लांबूनच ओळखतात, कारण तिच्यात आखणीच्या फिकट रेघा नसतात. शीट खपून जाते, टर्मवर्कचे गुणही पडतात, पण परीक्षेच्या हॉलमध्ये काच आणि दिवा मिळत नाही. तुला ड्रॉइंगमध्ये अडचण प्रोजेक्शनची असणार, बहुतेकांची असते. पुठ्ठ्याची जुनी फाईल काटकोनात उघडून टेबलावर ठेव. उभा पुठ्ठा म्हणजे व्हीपी (उभं प्रतल), आडवा म्हणजे एचपी (आडवं प्रतल), मधली घडी म्हणजे एक्स-वाय रेघ. त्या कोनात पेन्सिल तिरकी धर. समोरून बघितल्यावर उभ्या पुठ्ठ्यावर जी रेघ दिसेल ती फ्रंट व्ह्यू, वरून बघितल्यावर आडव्यावर दिसेल ती टॉप व्ह्यू. मग आडवा पुठ्ठा घडीपाशी खाली पाड. टॉप व्ह्यू एक्स-वायच्या खाली का येतो ते कुणी न सांगता कळेल. पेन्सिल धरायला एक मैत्रीण घे, म्हणजे तिलाही समजेल. लाइन्स आणि प्लेन्स इथवर हा पुठ्ठा पुरतो. पुढे सॉलिड्स आले की काडेपेटी आणि खोडरबर.

(सी प्रोग्रॅमिंगबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. म्हणजे एक तर ते बरं चाललंय किंवा पुढच्या सेमिस्टरला आहे. असो.)

इंग्रजीबद्दल तुला वाटतं तेवढी मला काळजी वाटत नाही. मॅथ्सच्या तासाला लागणारं इंग्रजी फार थोडं आहे, महिन्याभरात कानाला बसतं. मेकॅनिक्सच्या प्रश्नांत मात्र शब्द जपून वाच. "स्मूथ" लिहिलंय तिथं घर्षण धरायचं नाही, "लाइट" लिहिलंय तिथं वजन धरायचं नाही. खरा त्रास वेगाचा आहे, आणि त्यावर उपाय वर्गाच्या आधी आहे, नंतर नाही. उद्या काय शिकवणार ते टीचिंग प्लॅनमध्ये असतं. तेवढी दोन पानं आदल्या रात्री नुसती चाळून गेलीस तरी फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायची धडपड कमी होते, कारण अर्धं पुस्तकात आहे हे माहीत असतं. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, ई-कुंभ पोर्टलवर इंजिनिअरिंगची पुस्तकं मराठीतून मोफत आहेत. समजून घ्यायला ती जरूर वाच. लिहायचा सराव मात्र इंग्रजीतच कर, तुझा पेपर इंग्रजीत आहे. मराठीत समजलेलं इंग्रजीत उतरवताना सुरुवातीला वाक्यं ओबडधोबड होतील. होऊ देत. गणिताच्या पेपरात वाक्यरचनेचे गुण कापत नाहीत.

फळा पुसण्याबद्दल सरांना सांगितलंस का? माझा अंदाज, नाही. आपल्याकडची मुलं पहिल्या वर्षी सरांच्या केबिनशी जाऊन परत फिरतात. दाराशी चप्पल दिसली की "बिझी असतील" म्हणून मागं वळतात. पण शिक्षकाला साठ-सत्तर मुलांच्या वर्गात कोण मागं पडलंय ते दिसत नाही, दिसते ती टेस्टची बेरीज. लाल रेघांचे कागद घेऊन जा. "सर, मला काहीच समजत नाही" असं म्हणालीस तर कुठलाही शिक्षक हतबल होतो. "सर, या ओळीवरून या ओळीवर कसं आलं?" असं विचारलंस तर पाच मिनिटांत काम होतं. एकटीला अवघड वाटत असेल तर वर्गातली दुसरी कुणी बरोबर ने. तुझ्यासारख्याच चार-सहा गुणांच्या आणखी कितीतरी जणी त्या वर्गात आहेत, फक्त कुणी बोलत नाही.

रूममेटचं म्हणशील तर तिनं जेईईसाठी दोन वर्षं जे घोटलं त्यातला काही भाग या सेमिस्टरला परत येतोय, म्हणून तिला सोपं जातंय. ड्रॉइंग, वर्कशॉप, पुढच्या वर्षीचं सर्व्हेइंग हे तिलाही नवंच असणार. तिच्याशी तुलना करण्यापेक्षा तिला प्रश्न विचार. न विचारता कुढत बसलीस तर दोघींचं नुकसान, कारण दुसऱ्याला समजावून सांगताना तिचंही पक्कं होतं.

आता जे सांगणार आहे ते तुला आवडणार नाही. दर शनिवारचं घरी जाणं बंद कर. शनिवारी दुपारी निघायचं, गाडी, मग एसटी किंवा रिक्षा, रात्री घरी. रविवारी जेवून परत तीच उलटी वरात. सोमवारी वर्गात डोळे मिटतात. मागं पडलेलं भरून काढायला आठवड्यात जे दीड-दोन दिवस मिळतात ते असे जातात. आणि गंमत अशी की वारंवार घरी गेल्यानं घरची ओढ कमी होत नाही. हॉस्टेल आपलं व्हायला तिथं एक रविवार तरी काढावा लागतो. कपडे वाळत घालायचे, बाजारात फिरायचं, भाट्याच्या पुळणीवर जाऊन बसायचं, मेसमध्ये रविवारी काय असतं ते कळायचं. तू तो रविवार अजून एकदाही राहू दिला नाहीस. गणपतीला गेलीस ते ठीकच, आपल्याकडे गणपतीला कुणी विचारतही नाही, जातातच. शिमग्यालाही जाशील, ते मी काही थांबवू शकत नाही. पण आता सरळ दिवाळीला जा. मध्ये आईची आठवण आली तर रोज संध्याकाळी फोन कर, व्हिडिओवर बोल, रड. रडण्यात काही वाईट नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर ते नुसतं घर आठवणं नसतं. वॉर्डन मॅडमना सांग, कॉलेजच्या समुपदेशकांकडे जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीतही बोलतात.

पप्पांना मार्क या आठवड्यातच सांग. फोनवर, आईला शेजारी बसवून. नुसता आकडा सांगितलास तर त्यांना घोर लागेल, म्हणून आकडा आणि बेत एकत्र सांग: पहिल्या टेस्टला चार पडले, लिहायची सवय कमी पडली, रोज दोन गणितं सोडवतेय, दिवाळीपर्यंत घरी येणार नाही. दर्यावर जाणाऱ्या माणसाला मोकळी जाळी घेऊन परत येणं नवीन नसतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा घर कसं चालतं हे तू बघितलंयस. त्या माणसाला वीसपैकी चार ऐकवत नाहीत असं तूच ठरवून टाकलंस. लपवल्यावर मात्र पुढचा प्रत्येक फोन जड होत जातो.

पैशांबद्दल तू थेट लिहिलं नाहीस, पण पत्रात तो धागा जाणवतो. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. इतर प्रवर्गांसाठी वेगळ्या योजना आहेत. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज भरलास का, उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आहे का, आधार बँक खात्याला जोडलंय का, हे कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या खिडकीवर जाऊन विचार. अर्ज दर वर्षी नव्यानं पुढे न्यावा लागतो. हॉस्टेल आणि मेसचा खर्च यात येत नाही, त्याची वेगळी निर्वाह भत्त्याची योजना आहे, तिचीही चौकशी तिथंच कर. कर्ज काढून शिकतेय या ओझ्याखाली असशील तर निदान कुठलं ओझं खरं आणि कुठलं नाही ते कळेल.

शेजाऱ्यांचं "सिव्हिलला काय ठेवलंय" हे मी बरीच वर्षं ऐकतेय, मधूनमधून शाखेचं नाव तेवढं बदलतं. त्यांना एकदा मुंबई-गोवा महामार्गावरून फिरवून आण. काम संपलंय का विचार. पावसाळ्यात खचणारे घाट आहेत, किनारा खाणारा समुद्र आहे, धूपप्रतिबंधक बंधारे आहेत, बंदरं आहेत. माणसं लागणारच आहेत. पण ती नोकरी कशी आणि किती पगाराची असेल याची हमी मी देत नाही, कुणीच देऊ नये. तुला शाखा आवडते की नाही हे तर आत्ता कळणारच नाही, कारण पहिल्या वर्षात सिव्हिल जवळपास नसतंच. ते तिसऱ्या सेमिस्टरला सुरू होतं. तोवर मत राखून ठेव.

राहिलं बीएस्सी. चांगला रस्ता आहे, मी त्याच रस्त्यानं आले. पण गणित सोपं होईल म्हणून तिकडे जात असशील तर तसं होणार नाही. तिथं गणितं सोडवण्यापेक्षा सिद्ध करणं जास्त असतं, आणि तुझी अडचण पायऱ्या लिहिण्याची आहे, ती तिथं दुप्पट बोचेल. शिवाय मध्येच प्रवेश सोडलास तर वर्ष जातं, फीचे आणि शिष्यवृत्तीचे घोळ होतात. इथं राहून एक-दोन विषय राहिलेच तर एटीकेटी आहे, म्हणजे ते विषय बरोबर घेऊन पुढे जायची सोय. तिला मुलं उगीच कलंक समजतात. माझ्या वर्गातून एटीकेटी घेऊन गेलेली मुलं आज पूल बांधतायत, आणि त्यांचे पूल उभे आहेत. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागल्यावर, मी सांगितलं तसं प्रामाणिकपणे करूनही तुला रोज सकाळी कॉलेजला जाणं नको वाटत असेल, तर मला परत लिही. तेव्हा आपण बीएस्सीचा, डिप्लोमाचा, सगळ्याचा विचार करू, आणि त्या वेळी मी "सोड" म्हणायला कचरणार नाही.

दुसरी टेस्ट कधी आहे ते तू लिहिलेलं नाहीस. साधारण महिना असेल असं धरते. त्यात मॅथ्समध्ये वीसपैकी नऊ-दहा मिळाले तरी गाडी रुळावर आहे असं समज. अठराची अपेक्षा धरू नकोस.

ता. क. जीटीसाठी काच कुणाकडून उसनी घेतली असशील तर परत करून टाक. ड्राफ्टरचे, म्हणजे रेघा आखायच्या यंत्राचे, स्क्रू सैल झाले की समांतर रेघा समांतर येत नाहीत आणि मुली स्वतःला दोष देत बसतात. तुझा एकदा तपासून घे. सीनियरकडून जुना घेतला असशील तर बहुतेक तेच झालेलं असणार.